आजीची बाज आणि वेलिंग्टनचं घर

गेल्या महिन्यात, १० जुलै २०२४ला, दुपारी दोनच्या आत-बाहेर वसमतहून ताईचा फोन आला. इथे वेलिंग्टनमध्ये हिवाळा चालू आहे. बाहेर नेहमीसारखा वारा सुटला होता आणि मी विद्यापीठातल्या माझ्या खोलीत डबा उघडून बसले होते. तिकडे सकाळचे साडेसातही झाले नव्हते. ताई या वेळेला कधी फोन करत नाही, पोरांच्या डब्यांच्या गडबडीत असते. म्हणून तिचं नाव दिसलं तसं पोटात धस्स झालं.

"हाललं गं," ती म्हणाली. "भांडी वाजली, पत्रे वाजले. सगळे बाहेर हाव. सासूबाई तेवढ्या देवघरापाशी बसल्यात, उठंनात."

"कोणत्या खोलीत आहेत? जुन्या की नव्या?"

जुन्या. माळवदाच्या.

"आधी त्यांना बाहेर काढ. बाकी मग बोलू."

तो भूकंप ४.५ तीव्रतेचा होता. त्याआधी २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले होते, ४.५ आणि ३.६. पांगरा शिंद्याच्या बाजूची माणसं तर कित्येक वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात म्हणून सांगतायत. एवढ्या तीव्रतेने चांगलं बांधलेलं घर पडत नाही, हे मला माहीत आहे. पण ताईच्या सासूबाई ज्या खोलीत बसल्या होत्या ती खोली मी पाहिलेली आहे.

संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपांवर तो नेहमीचा निरोप फिरला: नागरिकांनी घाबरून जाऊ नये. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सात वर्षांची होते.

*

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून सायकलवर जाऊन येण्याच्या अंतरावर. १९९२च्या पावसाळ्यात त्या भागात जमीन गुरगुरायला लागली. मार्च १९९३पर्यंत शंभरावर धक्के झाले. त्यातला मोठा १८ ऑक्टोबर १९९२चा, चारच्या आसपास तीव्रतेचा. लोक अंगणात, रस्त्यावर, देवळासमोर झोपायला लागले. कुणी साहेब गाडीतून येऊन गेले, घाबरून जायचं कारण नाही म्हणाले. मग थंडी पडली. थंडीत लेकरांना घेऊन किती दिवस बाहेर झोपणार? एकेक घर पुन्हा आत गेलं.

आजी गेली नाही. तिची बाज अंगणातल्या लिंबाखाली होती, तिथेच राहिली. पाऊस आला तर ती कडब्याच्या छपराखाली सरकायची, पण माळवदाखाली म्हणून जायची नाही. गल्लीतले हसायचे. आबा चिडायचे. तिचं उत्तर ठरलेलं असायचं: "वर केवढी माती हाय, मला ठाव हाय. मीच टाकलीय."

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या नाहीतर किलच्या, आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात खाली इतकं गार असतं की पंखा लागत नाही. पण पाऊस झिरपू नये म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी वर पांढरी माती पसरून चोपायची असते, आणि ही माती पाटी-पाटीने डोक्यावरून वर नेतात बायका. जुनी माती कुणी काढत नाही, नवी वर पडत जाते. तीस-चाळीस वर्षांत तो थर दीड-दोन फुटांचा होतो. खालच्या माणसाला तो दिसत नाही, दिसतं ते काळंभोर गुळगुळीत लाकूड. आजीने मात्र तो सगळा भार स्वतःच्या डोक्यावरून वाहिलेला होता. घराच्या छपराचं वजन किती, हा आमच्या शास्त्रातला अगदी पहिला प्रश्न आहे. त्याचं उत्तर त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती शिरवून लोक उशिरा झोपले. मी आजीच्या कुशीत बाजेवर होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आधी आवाज आला. सगळ्या गावातली जाती एकदम फिरवावीत तशी घरघर, पण ती पायाखालून येत होती. बाज उडाली. आजीने मला छातीशी इतकं दाबलं की मला श्वास घेता येईना. मग एक मोठा धप्प असा आवाज, आणि त्यानंतर तोंडात, नाकात, डोळ्यांत पांढरी माती. तिची चव खारट असते. ती चव मला आजही ओळखू येते.

आई, अण्णा आणि ताई ज्या कोपऱ्यात झोपले होते तिथे तुळई तिरपी अडकून राहिली. दुपारपर्यंत शेजाऱ्यांनी त्यांना काढलं. ताईचा पाय मोडला होता. काका, काकू आणि माझा चुलतभाऊ मधल्या खोलीत होते. तो सहा वर्षांचा होता. त्याविषयी मी एवढंच लिहू शकते.

त्या पहाटे ५२ गावं जमीनदोस्त झाली आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. भूकंप होता ६.२ तीव्रतेचा.

*

भूकंपानंतर चार एकर कोरडवाहूवर भागेना म्हणून अण्णा लातूरच्या आडत बाजारात हमालीला लागले आणि आम्ही शहरात आलो. दहावीला मला चांगले मार्क पडले. लातुरात चांगले मार्क पडले की पुढचा रस्ता सगळ्या गल्लीने ठरवलेला असतो, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. मी भूशास्त्र घेणार म्हटल्यावर नातेवाइकांना वाटलं, पोरीच्या मनावर अजून परिणाम आहे. होताच. अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "दगडाचं शिक्षण असतंय का? असंल तर शीक." त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. आज वाटतं, माझ्या सगळ्या शिक्षणाचा पाया त्या न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे.

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम.एस्सी. केलं, मग काही वर्षं हैदराबादला भूभौतिकीच्या प्रकल्पांवर काम. किल्लारीला भूकंपानंतर खोदलेल्या विंधनविहिरीच्या नोंदी मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचल्या. ६१७ मीटर खोल. वरचे ३३८ मीटर आपला काळा पाषाण, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. त्याखाली जेमतेम आठ मीटर जुना गाळ. आणि त्याच्या खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. ज्या भेगेवर आमचं गाव हललं ती या काळ्या गोधडीखाली झाकलेली होती. भूशास्त्रात तिला भ्रंश म्हणतात. मराठवाड्यातल्या माणसाला जमिनीच्या भेगांचं नवल नाही, काळी माती उन्हाळ्यात पाय जाईल एवढी उकलते. पण त्या भेगा पाऊस पडला की मिटतात. ही मिटणारी नव्हती आणि वरून दिसणारीही नव्हती.

तोवर द्वीपकल्पाचा हा भाग म्हणजे स्थिर भूखंड, इथे काही होत नाही, अशी समजूत होती. देशाच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होती. २००२च्या नकाशात ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात आलं. भारताची भूपट्टी वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते, हिमालयाला रेटते, आणि तो रेटा मागे सगळ्या द्वीपकल्पात साठत राहतो. किल्लारीला एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूवर चढला. शेतात जमीन मुरगळली, पण हातभर-दोन हातच. एवढ्याशा उंचवट्याकडे बघून कुणाला वाटणार नाही की यात दहा हजार माणसं गेली.

*

२०१२मध्ये मी पीएच.डी.साठी न्यूझीलंडला आले. या देशात वर्षाला सुमारे २० हजार भूकंपांची नोंद होते. बहुतेक कुणाला कळतही नाहीत. दक्षिण बेटाच्या कण्यावरून जाणारा आल्पाइन भ्रंश उपग्रहाच्या चित्रात सुतळी आखल्यासारखा दिसतो. तो शेवटचा हलला १७१७मध्ये, आणि साधारण तीनशे वर्षांत एकदा मोठा हलतो. म्हणजे इथे सगळं उघड्यावर आहे. वेलिंग्टनच्या समुद्राकडच्या वस्त्यांत रस्त्यांवर निळ्या रेघा रंगवलेल्या आहेत: मोठा धक्का बसला की इथपर्यंत चढून या, याच्या वर त्सुनामीचं पाणी येणार नाही. जुन्या कमकुवत इमारतीच्या दारावर नोटीस चिकटवलेली असते, ही इमारत भूकंपात टिकेल अशी नाही म्हणून. दूध आणायला जाताना माणूस ती वाचतो. पहिल्या आठवड्यात मी अशा एका दारासमोर बराच वेळ उभी राहिले. आमच्या गावात प्रत्येक दारावर ती नोटीस लागली असती.

माओरी लोकांत भूकंपाचा देव आहे, रुआउमोको. धरणीमातेच्या पोटातलं न जन्मलेलं लेकरू. ते कूस बदलतं तेव्हा जमीन हलते. आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्याकडं शेष डोकं हालवतो. तिकडं लेकरू हाय व्हय? मग बरं." लेकरू असलेलं तिला जास्त बरं वाटलं.

माझा इथला पहिला मोठा धक्का २१ जुलै २०१३चा, रविवारी संध्याकाळी पाचनंतर. ६.५ तीव्रता, समुद्रात सेडनच्या बाजूला. मी एका म्हाताऱ्या बाईंच्या लाकडी घरात भाड्याने राहत होते. जमीन हलली तशी मी दाराकडे पळाले. विचार केला नाही, पायच पळाले. त्या बाई स्वयंपाकघरातून मोठ्याने ओरडल्या, बाहेर जाऊ नकोस, टेबलाखाली शीर! स्वतः पंचाहत्तरीच्या, पण वाकून आत शिरल्यासुद्धा होत्या. मला हाताला धरून आत ओढलं. आम्ही दोघी टेबलाचा पाय धरून बसलो. घर बोटीसारखं डुललं, करकरलं, कपाटातल्या चार बश्या फुटल्या, थांबलं. त्यांनी बाहेर येऊन चहा ठेवला. मी टेबलाखालीच रडत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि भीतीने नव्हे. आजी म्हणते बाहेर पळ, या बाई म्हणतात आत थांब. दोघीही बरोबर होत्या. लाकडी चौकटीचं हलकं घर वाकतं, पण पडत नाही. तिथे मार लागतो तो कपाटाचा, काचेचा, पळताना पडण्याचा, आणि बाहेर वरून पडणाऱ्या विटांचा. दगड-मातीच्या घरात मात्र घरच अंगावर येतं. आपल्याकडच्या शाळांत हल्ली मुलांना टेबलाखाली बसायचं शिकवतात. शाळेची इमारत चांगली असेल तर ते योग्यच आहे. पण ते मूल घरी जाऊन माळवदाखाली पलंगाच्या आड बसलं तर? उपाय कोणता ते घर ठरवतं. हे एवढं साधं वाक्य मी कुठल्या सरकारी पत्रकात अजून वाचलेलं नाही.

क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ रोजी झालेला भूकंप तीव्रतेने जवळजवळ किल्लारीएवढाच होता, तोही उथळ आणि शहराच्या पायथ्याशी. वेळ भर दुपारची, १२ वाजून ५१ मिनिटं, बाजार माणसांनी भरलेला. तिथे १८५ माणसं गेली, त्यांतली ११५ एकाच इमारतीत. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवताना मला कधीच शास्त्रज्ञासारखं राहता आलेलं नाही. किल्लारीची वेळ पहाटेची होती, सगळे घरात होते, हे खरं. पण उरलेला फरक भिंतींचा आहे.

*

माझं रोजचं काम काय, असं लातूरहून नेहमी विचारतात. मी दगड दगडावर घासते, आणि ते कधी निसटतात ते बघते. प्रयोगशाळेत एक यंत्र आहे, त्यात दोन खडकांच्या मध्ये भ्रंशातून आणलेल्या भुकटीचा पातळ थर भरायचा, वरून दाब द्यायचा आणि हळूहळू सरकवायचं. हळू म्हणजे एका सेकंदाला मिलिमीटरचा हजारावा भाग. तासन् तास पडद्यावर एक रेघ चढत जाते. मग खट्ट असा आवाज येतो आणि रेघ खाली पडते. तो आमचा हातभर भूकंप.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवायच्या आधी अण्णांनी शिकवलं होतं. आडतीत शंभर किलोचं पोतं फरशीवरून ओढायचं असतं तेव्हा पहिला हिसका जड जातो. रात्रभर एका जागी बसलेलं पोतं आणखी जड जातं. "बसलंय ते," अण्णा म्हणायचे. एकदा निघालं की मग निघतं. खडकाचंही असंच. दोन पृष्ठभाग जितका काळ गप्प बसतात तितके एकमेकांना जास्त धरतात. सुटले की काही खडकांत वेगाबरोबर पकड आणखी ढिली होते, आणि मग धाडकन भूकंप. काही मातीसारख्या थरांत उलटं होतं, वेग वाढला की पकड वाढते. ते गुपचूप रांगत राहतात, कुणाला त्रास देत नाहीत.

आणि या दोन्हींच्या मधलं एक तिसरं आहे, ज्यासाठी मी खरं तर इथे आले. उत्तर बेटाच्या पूर्वेला पॅसिफिक भूपट्टी खाली शिरते. तिथे २००२मध्ये गिस्बोर्नजवळच्या जीपीएस केंद्रांनी एक गंमत पकडली. सगळी किनारपट्टी आठवडा-दोन आठवड्यांत दोन-तीन सेंटिमीटर समुद्राकडे सरकली. धक्का नाही, आवाज नाही, कुणाच्या कपातला चहा हलला नाही. त्यानंतर असे सावकाश सरकणारे भूकंप पुन:पुन्हा दिसत आले. मोठा भ्रंश कधी हळू सरकतो आणि कधी एकदम सुटतो, काय बदलतं म्हणून? यावर माझी पीएच.डी.

यातलं एक उत्तर पाणी. घरी करून बघा. स्टीलचा पेला गरम पाण्याने धुऊन ओल्या ओट्यावर उपडा ठेवा. ओटा जरासा उतरता असला तर पेला आपोआप सरकायला लागतो. आत कोंडलेली हवा तापून फुगते, त्याला किंचित उचलते, ओट्यावरचं त्याचं वजन कमी होतं, पकड सुटते. जमिनीखालच्या भेगेत पाण्याचा दाब वाढला की हेच होतं. कोयनेत धरण भरल्यावर भूकंप सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७चा मोठा झाला, त्यामागे हीच गोष्ट धरली जाते. पावसात डोंगराचा उतार सुटतो तेही हेच. भ्रंश आडवा-तिरपा जमिनीत आणि दरड डोंगरावर, पण दोन्हींत एक घसरणारा पृष्ठभाग, त्यावर वजन, आणि त्यात शिरलेलं पाणी. गणितही जवळजवळ तेच. म्हणून भूकंपावरून मी दरडींकडे वळले.

वळले त्याला एक रात्रही कारण आहे. १४ नोव्हेंबर २०१६, मध्यरात्र उलटून दोन मिनिटं. दक्षिण बेटावरचा कायकोरा भूकंप, ७.८. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उघडं होतं आणि खोली दोन मिनिटं थांबायलाच तयार नव्हती. किल्लारीच्या सुमारे अडीचशे पट ऊर्जा. वीसहून जास्त भ्रंश एकापाठोपाठ एक फुटले. किनारा काही ठिकाणी कित्येक मीटर वर उचलला गेला, समुद्रतळ उघडा पडला. दहा हजारांहून जास्त दरडी कोसळल्या, किनाऱ्याचा मुख्य रस्ता वर्षभर आणि रेल्वे सुमारे दहा महिने बंद राहिली. शेकडो किलोमीटर दूर उत्तर बेटाखाली सावकाश सरकणं सुरू झालं, जणू कुणी हाक मारली. आणि या सगळ्यात माणसं गेली दोन.

त्या दिवशी हेलिकॉप्टरमधून घेतलेलं एक दृश्य जगभर दाखवलं गेलं. चहूकडे कोसळलेली माती, मधोमध हिरव्या गवताचा एवढासा तुकडा, आणि त्यावर दोन गाई आणि एक वासरू उभं. अण्णांनी ते लातुरात टीव्हीवर बघितलं. मला फोन करून पहिलं विचारलं, "त्या गाई उतरवल्या का?" उतरवल्या, शेतकऱ्यांनी माती खणून वाट केली. "मग झालं," म्हणाले. आमच्या गावातली दावणीची जनावरं तशीच बांधलेली गेली होती, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

*

त्यानंतरची सात वर्षं करारांवर गेली. तीन करार, दोन देश. एका ठिकाणी करार संपायच्या सहा आठवडे आधी पुढे पैसे नाहीत असं कळवलं, तेव्हा घरभाडं आणि व्हिसा दोन्ही एकाच महिन्यात संपत होते. हे अशासाठी सांगते की "परदेशात शास्त्रज्ञ आहे" या वाक्यामागे किती अनिश्चितता असते, ते इकडे येऊ पाहणाऱ्या आपल्या मुलींना आधी कळावं. मला पक्की नोकरी अडतिसाव्या वर्षी लागली.

त्यातली दोन वर्षं इटलीत होते. एका रविवारी व्हायोंत धरण बघायला गेले. धरण आजही उभं आहे, शाबूत. ९ ऑक्टोबर १९६३च्या रात्री मागच्या 'टोक' नावाच्या डोंगराची सुमारे २७ कोटी घनमीटर दरड जलाशयात उतरली, लाट धरणावरून पलीकडे गेली आणि खालचं लोंगारोने गाव पुसलं गेलं. सुमारे दोन हजार माणसं. ती दरड अचानक आली नव्हती. तीन वर्षं आधी डोंगरावर लांबच लांब भेग पडली होती, उतार रांगत होता, शेवटच्या दिवसांत रोज वीसेक सेंटिमीटर. आसपासचे लोक सांगत होते. मला तिथे लिंबाखालची बाज आठवली.

जी माणसं जमिनीवर झोपतात, तिच्यावर माती वाहतात, त्यांना आधी कळतं. त्यांना कळतं ते नेमकं काय, हे सांगायला आम्ही लागतो. पण आमच्याकडून त्यांना मिळतं ते "घाबरू नका". हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं म्हणजे "आणि हे करा", ते सांगायला कुणी उरत नाही. ३० जुलै २०१४ला माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसांसकट, ते बाहेरच्या जगाला कळलं एसटीच्या चालकामुळे. गाव जागेवर दिसेना म्हणून. २०२३च्या जुलैत इरशाळवाडी. दर वेळी मी इथे बसून उताराचे, पावसाचे आकडे काढते, आणि दर वेळी मला वाटतं की हे आकडे त्या वाडीतल्या एका तरी बाईला तिच्या भाषेत आधी कुणी सांगितले होते का.

मीही नव्हते सांगितले. २०१८च्या जानेवारीत घरी गेले होते. आजी तेव्हा पुनर्वसनातल्या घरी, चांगल्या पक्क्या घरी, तरीही बाज अंगणातच. हुरडा खात बसलो होतो. तिने विचारलं, "परत यील का गं ते?"

"येईल. कधी ते सांगता येत नाही. शंभर वर्षांनी, हजार वर्षांनी, कदाचित त्याच जागी नाही, दुसरीकडे. जगात कुणालाच सांगता येत नाही."

"मग एवढं शिकून काय करूलालीस?"

मला राग आला नाही. मी तिला भिंतीचं सांगायला लागले. आपली भिंत दिसायला दोन-अडीच फूट जाड, पण ती एक भिंत नसते. आतून एक दगडी पापुद्रा, बाहेरून एक, आणि मध्ये माती-गोट्यांची भर. हलली की दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, फुगतात, आणि वरचं माळवद खाली येतं. दोन्ही बाजूंना पोचणारा लांब दगड हात-दोन हातांवर घातला असता, चौकटीच्या वर सगळ्या घराभोवती एक पट्टा बांधला असता, वरची माती उतरवली असती, तर पुष्कळ घरं तडकली असती पण माणसं बाहेर आली असती. त्याला फार पैसेही लागत नाहीत.

आजी ऐकत होती. कणसातले दाणे चोळता चोळता थांबली. "मग हे लोकांला सांग की. मला काय सांगूलालीस, मी तर भायेरच झोपते."

ती २०१९मध्ये गेली.

*

तर ताईचा फोन. त्या दिवसापासून रोज रात्री, म्हणजे माझ्या रात्री, आम्ही व्हिडिओवर तिच्या सासरचं जुनं घर तपासतोय. तिने टेप आणली. भिंत दोन फूट तीन इंच. मी तिला कोपरे दाखवायला सांगितले, तिथे दगड एकमेकांत गुंफलेले आहेत का बघायला. पूर्वेच्या कोपऱ्यात आहेत, पश्चिमेच्या कोपऱ्यात उभी चीर आहे, दोन बोटं जातात. भिंत मध्ये फुगलीय का बघायला तिने सुतळीला दगड बांधून ओळंबा सोडला, तो वर भिंतीला चिकटला आणि खाली चार बोटं लांब राहिला. भाचा माळवदावर चढला, कुदळीने कोपऱ्यात खोदून मातीत पट्टी घातली: एक फूट नऊ इंच. "एवढी?" ताई म्हणाली. तिलाही आजी आठवली असणार, आम्ही दोघी काही बोललो नाही.

तिथल्या एका गवंड्याशी मी अर्धा तास बोलले. जाणता माणूस आहे. ९३नंतर लातूरकडे दुरुस्तीच्या कामांवर होता, त्यामुळे मी अर्धं सांगितलं की पुढचं तोच सांगायचा. ठरलं ते असं. उघडीप मिळाली की माळवदाची माती उतरवायची, वर पत्रा टाकायचा. भिंतीला साधारण मीटर-मीटरवर आरपार भोकं पाडायची, प्रत्येकात दोन्हीकडे आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. चौकटीच्या वर आतून-बाहेरून जाळी आणि सिमेंटचा पट्टा, चारी भिंतींना सलग. पश्चिमेची भिंत उतरवून नव्याने रचायची. दोन पापुद्रे जोडायला "लांब दगड मिळतील का?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, दगड मिळतील, पण काँक्रीटचं सोपं पडंल."

शेजारच्या दोन घरांनीही त्याला बोलावलंय. ताईने त्यांना टेप दिली, भिंत कशी मोजायची ते दाखवलं.

पावसाचे दिवस, अंगणात झोपता येत नाही, म्हणून सासूबाईंची बाज सध्या नव्या खोलीत टाकलीय. त्या नाखूश आहेत. झोपायला येतात, पण पहाटे उठून जुन्या खोलीतच जाऊन बसतात, कारण देव तिथे आहेत. ताई म्हणाली, मी बोलून थकले, तूच समजाव. मी फोनवर म्हटलं, मावशी, देवांनाही नव्या खोलीत आणू या की. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, देव असे उचलून नेता येत नाहीत, गुरुजींना विचारावं लागंल.

गुरुजी शुक्रवारी येणार आहेत. गवंडी पोळ्यानंतर येतो म्हणालाय.